शेजारी ब्रेकर, ऑफिसचे कॉल आणि आईची हाक: नॉइज कॅन्सलिंग हेडफोन कुठला घेऊ?

सायली_के

नमस्कार मंडळी. आमच्या शेजारची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीये, कोथरूडमध्ये आता जवळपास प्रत्येक गल्लीत हेच चालूये म्हणा. सकाळी साडेनऊला काँक्रीट फोडायचा ब्रेकर सुरू होतो, दुपारी जेवणाच्या सुट्टीत तासभर थांबतो आणि मग थेट संध्याकाळी सहापर्यंत. मधूनच जेसीबी, मधूनच सळया कापायचा कटर. माझं काम पूर्णपणे घरून, रोज तीन-चार तास कॉल असतात आणि उरलेला वेळ डोकं शांत ठेवून वाचायचं काम. खिडक्या बंद करून झाल्या, आतल्या खोलीत टेबल नेऊन झालं, कापूस घालून झाला. संध्याकाळी डोकं इतकं दुखतं की पोळ्या लाटायला उभं राहवत नाही.

तर कानावरून पूर्ण बसणारा, वायरलेस, नॉइज कॅन्सलिंगवाला हेडफोन घ्यायचा ठरवलंय. बजेट २५ हजारापर्यंत. चष्मा आहे, मानेचा जुना त्रास आहे. फोन अँड्रॉइड, लॅपटॉप ऑफिसचा विंडोजवाला.

आणि एक महत्त्वाचं, आई माझ्याकडे असते, वय ७८, मागे पडल्यापासून वॉकरशिवाय उठत नाही. शेजारच्या खोलीत असते आणि काही लागलं तर हाक मारते. आवाज बंद करायला जावं आणि तिची हाकच ऐकू येऊ नये असं मला अजिबात चालणार नाही. यातून मार्ग सुचवा प्लीज.

डोंबिवलीकर७७

सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ घ्या, विषय संपला. मी दोन वर्षं वापरतोय, लोकलमध्ये मोटरचा आणि पंख्यांचा जो सतत घूं घूं आवाज असतो तो बटण दाबल्याबरोबर जातो, पहिल्यांदा घातला तेव्हा मला वाटलं गाडी थांबली की काय. बॅटरी कंपनी ३० तास सांगते, मला आठवडाभर पुरते. सेलमध्ये तुमच्या बजेटच्या आसपास येतो, लक्ष ठेवा.

फक्त एक, हा घडी होत नाही, कानाचे कप नुसते चपटे फिरतात, त्यामुळे डबा मोठा आहे आणि माझ्या ऑफिसच्या सॅकमध्ये टिफिनशेजारी बसत नाही. आधीचा एक्सएम४ घडी व्हायचा, २०२५ ला आलेला एक्सएम६ पण परत घडी होतो. तुम्हाला घरीच वापरायचाय तर फरक पडत नाही.

कानसेन

डोंबिवलीकर, थांबा जरा. लोकलचा आवाज आणि ब्रेकरचा आवाज यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि सायलीताईंना आत्ता हे नीट सांगितलं नाही तर २५ हजार घालून त्यांच्या पदरी निराशाच येईल.

हे तंत्र कसं चालतं बघा. हेडफोनला बाहेरून आणि आतून छोटे माइक असतात. ते बाहेरचा आवाज पकडतात, आतली चिप त्या आवाजाच्या बरोबर उलटी लाट तयार करते आणि दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. हे जमायला वेळ साधावी लागते. १०० हर्ट्झचा खर्जातला आवाज असेल तर त्याची एक लाट साधारण साडेतीन मीटर लांब असते, आरामात येते आरामात जाते, तिला उलटी लाट जुळवणं सोपं. पण ५००० हर्ट्झची चिरकी शिट्टी म्हणजे सात सेंटीमीटरची लाट, तिथे थोडंसं इकडचं तिकडे झालं की काहीच मरत नाही. म्हणून विमानाचं इंजिन, एसी, पंखा, बसचं इंजिन, जनरेटर हे सगळं सुंदर जातं. कुकरची शिट्टी, मिक्सरची किंकाळी, कटर, बाळाचं रडणं, माणसांचं बोलणं हे त्या चिपने फारसं जात नाही, तिथे कानाच्या गादीने जेवढा कान झाकला असेल तेवढाच आवाज अडतो.

ब्रेकर या दोन्हीच्या मध्ये बसतो. तो धाड धाड ठोके देतो, प्रत्येक ठोक्यात खर्ज पण असतो आणि टणक खडखडाट पण. वरून तो भिंतीतून, जमिनीतून, तुमच्या खुर्चीतून हाडांत येतो, आणि हाडातून आलेल्या आवाजाला कुठलाच हेडफोन काही करू शकत नाही. गणपतीच्या आधी नदीकाठी ढोलपथकांचा सराव असतो तेव्हा मी मुद्दाम घालून बघितलाय. लांबच्या रहदारीची घरघर नाहीशी, ढोल मात्र छातीत वाजतच होता.

म्हणजे घेऊ नका असं नाही. घ्याच, पण शांतता मिळेल असं धरू नका, त्रास निम्म्यावर येईल असं धरा.

सायली_के

कानसेन, खूप धन्यवाद, हे कुठल्याच रिव्ह्यूमध्ये इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. जेसीबी आणि जनरेटर दिवसभर असतातच, तेवढे गेले तरी मला चालेल. पण कॉलचं काय? समोरच्याला ब्रेकर ऐकू जायला नको. बॉक्सवर नॉइज कॅन्सलिंग लिहिलं की तेही होतं ना?

मनीमाऊ

नाही गं सायली, इथेच सगळे फसतात, मी पण फसले होते. दोन हजाराच्या हेडफोनवर मोठ्या अक्षरात ईएनसी लिहिलेलं असतं. ते फक्त माइकसाठी, म्हणजे तू बोलताना समोरच्याला मागचा गोंधळ कमी जावा म्हणून. तुझ्या कानाला त्याचा शून्य उपयोग. तुला हवंय ते एएनसी, म्हणजे तुझ्या कानाला येणारा बाहेरचा आवाज मारणारं. दुकानात पण बऱ्याचदा विक्रेते दोन्ही एकच म्हणून सांगतात, खोक्यावर स्वतः वाचून घे.

आणि उलट बाजू, एएनसी चांगलं आहे म्हणून माइक चांगला असतोच असं नाही. विंडोजवर अजून एक भानगड आहे. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की कानातला आवाज एकदम जुन्या लँडलाइनसारखा डबक्यातून येतो, कारण ब्लूटूथ तेव्हा फोन कॉलच्या मोडमध्ये जातं. माझा उपाय, मीटिंगच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन निवडायचा आणि मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा किंवा साधा वायरवाला कॉलरमाइक. तोंडाजवळ माइक असला की ब्रेकर आपोआप मागे पडतो. शिवाय मीटिंगच्या बहुतेक ॲप्समध्ये आता मागचा आवाज गाळायची सोय असते, ती चालू ठेव.

फ्रँकफुर्टची_सून

मी बोस वापरते, क्वाएटकम्फर्ट अल्ट्रा. मुंबई-फ्रँकफुर्ट नऊ-एक तासांचा प्रवास असतो, त्यात कानाला सगळ्यात कमी त्रास ह्यानेच झालाय, गादी मऊ आहे आणि डोक्याला घट्ट धरत नाही. बॅटरी २४ तासांची सांगतात, सोनीपेक्षा कमी. भारतात मात्र सायलीच्या बजेटच्या बाहेर जाईल, त्यांचा साधा क्वाएटकम्फर्ट बघता येईल.

हे तंत्र विमानप्रवासातच सुचलेलं आहे. अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जात होते, विमानात मिळालेल्या हेडफोनमध्ये इंजिनच्या आवाजापुढे संगीत ऐकूच येईना, तर त्यांनी तिथेच बसून गणित मांडायला सुरुवात केली. कंपनीचा पहिला वैमानिकांचा हेडसेट १९८९ ला आला आणि आपल्यासारख्यांसाठीचा २००० मध्ये. त्यांचे वडील बंगालचे, स्वातंत्र्यचळवळीत होते आणि इंग्रजांच्या तावडीतून सुटून अमेरिकेला गेलेले. मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं म्हणून सांगितलं.

ऋत्विज

+१ मनीमाऊ. आयफोनवाल्यांसाठी एअरपॉड्स मॅक्स पण आहे, आवाज खरंच सुंदर आहे त्याचा.

कानसेन

ऋत्विज, सायलीताईंचा फोन अँड्रॉइड आहे आणि मान दुखते. एअरपॉड्स मॅक्स साधारण ३८५ ग्रॅमचा आहे, एक्सएम५ २५० ग्रॅम. दिवसाचे सहा तास डोक्यावर १३५ ग्रॅम जास्त म्हणजे मानेला कळतंच. वजनाकडे कोणी बघत नाही, सगळे कोडेक (ब्लूटूथवरून आवाज पाठवायची पद्धत) आणि ड्रायव्हर (आतला छोटा स्पीकर) बघत बसतात.

कोडेकचं एका वाक्यात सांगतो, अँड्रॉइडवर एलडॅक मिळाला तर उत्तम, तो जास्तीत जास्त ९९० केबीपीएसपर्यंत जातो, आयफोनला तो चालत नाही, तिथे एएसी. पण शेजारी ब्रेकर चालू असताना हा फरक कोणाच्याच कानाला कळणार नाही. मी जुनी आकाशवाणीची ध्वनिमुद्रणं ऐकतो, पहाटे, घरातले सगळे झोपलेले असताना, तेव्हा कुठे तानपुऱ्याच्या तारांमधलं अंतर जाणवतं. कामासाठी ऐकायचं तर त्यावर पैसे घालू नका.

चाकणकर

मी कारखान्यात सेफ्टी बघतो म्हणून राहवलं नाही. ताई, हे हेडफोन कान वाचवण्याचं साधन म्हणून बनवलेले नसतात. आमच्याकडे प्रेसशॉपमध्ये कोणी असले हेडफोन घालून आला तर आत सोडत नाही. तुमच्या घरात ब्रेकर तेवढ्या जोराने येत नसेल, पण खिडकी समोरासमोर असेल आणि तो दहा-पंधरा फुटांवर असेल तर फोमचे इअरप्लग घ्या, मेडिकलमध्ये मिळतात, अगदी स्वस्त. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी ठेवला तर काही उपयोग नाही, नव्वद टक्के लोक तसाच घालतात. कटर चालू असेल तेव्हा प्लग आणि वरून हेडफोन असं दोन्ही घातलं तर चिरका आवाज पण बराच दबतो. कापसाने काही होत नाही हो, तो काढून टाका.

डोंबिवलीकर७७

चाकणकर, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. आणि मीही एक सांगतो, लोकलमध्ये हेडफोन घालतो पण उतरायच्या आधी मानेवर घेतो. प्लॅटफॉर्मवर, रूळ असतील तिथे, रस्ता ओलांडताना कधीच नाही. ह्या हेडफोनमध्ये सगळ्यात आधी जातो तो मागून येणाऱ्या गाडीचाच आवाज. घरातल्या मुलांनाही हे सांगा.

वैद्य_नाही_पण

आवाजाच्या पातळीबद्दल लिहिते, मी श्रवणतपासणीचं काम करते. जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्यांसाठीचं प्रमाण आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असं आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. साधा हेडफोन घालून लोक बाहेरचा गोंधळ दाबायला आवाज वाढवतात, तिथे नुकसान होतं. एएनसीचा माझ्या दृष्टीने खरा फायदा हाच की आवाज कमी ठेवून ऐकता येतं. पण ठोक्यांवर मात करायला व्हॉल्यूम वाढवलात तर तो फायदा गेलाच. त्यापेक्षा पावसाचा किंवा धबधब्याचा सलग आवाज हळू लावून ठेवा, ठोके त्यात बुडतात.

दुसरं, काही जणांना एएनसी चालू केलं की कानात दडे बसल्यासारखं वाटतं, घाटात गाडी चढताना होतं तसं. खरा दाब नसतो, पण अस्वस्थ वाटतं, एखाद्याला गरगरतं. कुणाकुणाला कानात आधीपासून बारीक गुंजन असतं ते शांततेत जास्त जाणवायला लागतं. म्हणून दुकानात दोन मिनिटं नाही, वीस मिनिटं घालून बसा.

नागपूरची_उन्हं

आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर तापमान जातं तेव्हा हे मोठे हेडफोन म्हणजे कानाला घोंगडी बांधल्यासारखं होतं, अर्ध्या तासात कान ओले. मी दर पाऊण तासाला काढून सुती रुमालाने गादी पुसते. ओली तशीच डब्यात बंद केली की रेक्झिनचे पापुद्रे निघतात, माझ्या पहिल्या हेडफोनचं दीड वर्षात तसंच झालं, काळे कण कानामागे, गळ्यावर, पांढऱ्या दुपट्ट्यावर. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात तर विचारूच नका. बुटांच्या खोक्यात येते ना ती सिलिकाची पुडी, ती डब्यात टाकून ठेवते मी आता. घेण्याआधी गाद्या सुट्या मिळतात का आणि घरी बदलता येतात का ते नक्की बघा.

मनीमाऊ

आणि बिल घ्या, पक्कं, सिरियल नंबर लिहिलेलं. माझ्या दिराने बाहेरून आणलेला होता, इथल्या सर्व्हिस सेंटरने हा भारतातला पीस नाही म्हणून हात वर केले, कंपनीचं नाव घेत नाही. आणि निम्म्या किमतीत फर्स्ट कॉपी मिळते तिच्या वाटेला जाऊ नका, दिसायला हुबेहूब असते, आत एएनसीच्या नावाने नुसता एक दिवा.

सायली_के

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! पण आईच्या हाकेचं अजून सुटलं नाही.

फ्रँकफुर्टची_सून

बाहेरचं ऐकू येणारा मोड असतो सगळ्यांत, सोनीत अँबियंट म्हणतात, बोसमध्ये अवेअर. पण तो लावला की ब्रेकर पण आत येणार, त्यामुळे तुमच्या उपयोगाचा नाही. सोनीच्या वरच्या मॉडेलमध्ये आपण बोलायला लागलो की गाणं थांबतं, पण ते आपल्या बोलण्यावर, आईंच्या हाकेवर नाही.

ऋत्विज

मल्टिपॉइंट! सायलीताई, हे बघा. मल्टिपॉइंट म्हणजे हेडफोन एकाच वेळी दोन वस्तूंना जोडलेला राहतो. लॅपटॉपवर काम चालू आणि फोन पण जोडलेला. आईंकडे साधा बटणांचा फोन असेल तर त्यात तुमचा नंबर स्पीड डायलला २ वर ठेवा. त्यांनी २ दाबून धरलं की रिंग थेट तुमच्या कानात. माझ्या आजोबांसाठी आम्ही हेच करतो, ते वरच्या मजल्यावर असतात. फक्त मीटिंगच्या कॉलवर असताना दुसरी रिंग कशी वाजते हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, ते घरी करून बघा, आणि तेवढ्यासाठी फोन टेबलावर उलटा न ठेवता समोर ठेवा.

चाकणकर

याच्या जोडीला वायरलेस बेल घ्या, दिवा लागणारी. बटण आईंच्या पलंगाला दोरीने बांधा, दिवा तुमच्या लॅपटॉपमागे. कारखान्यात आवाजाच्या जागी आम्ही दिवाच लावतो, कान बंद असले तरी डोळे उघडे असतात.

सायली_के

दहा दिवसांनी लिहितेय, सॉरी.

शनिवारी दुकानात गेले, चष्मा घालून, केस रोज बांधते तसे बांधून. चार हेडफोन घातले. पहिल्यांदा कळलं की चष्म्याची काडी गादी आणि कान यांच्यामध्ये येते आणि तिथून आवाज आत झिरपतो. मी बोटाने काडी उचलली की दुकानातला एसी गप्प, सोडली की परत हळू घूं सुरू. जाड काडीच्या चष्म्याने जास्त, घरातल्या बारीक तारेच्या चष्म्याने अगदी कमी. विक्रेत्या मुलाने एका महागड्या हेडफोनची स्तुती सुरू केली होती, तो माझ्या डोक्याला इतका घट्ट होता की दहाव्या मिनिटाला कानशिलं ठणकायला लागली. दुसरा मऊ होता पण जड, मान खाली घालून वाचताना पुढे सरकायचा. आणि मी वाचतानाच वापरणार.

शेवटी सोनीचाच पण खालचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन घेतला. १९२ ग्रॅम आहे, डोक्यावर आहे हे विसरायला होतं. एलडॅक नाही, घडी होत नाही, आणि एएनसी एक्सएम५ इतकं जोरदार नाही हे दोन्ही पाठोपाठ घालून मला स्पष्ट कळलं. पण बारीक काडीचा चष्मा आणि हा, असं मिळून तासभर सहज बसता आलं, दुसऱ्यात नाही बसता आलं. मल्टिपॉइंट आहे. बॅटरी ३५ तास लिहिलीये. बजेटच्या निम्म्याहून कमीत झालं, उरलेल्यातून बेल आणि कॉलरमाइक आणला.

आता खरं सांगते. जेसीबी आणि जनरेटर गेले, म्हणजे काढल्यावर कळतं की ते चालू होते. ब्रेकर आहे, पण लांबच्या गल्लीत असावा तसा, खुर्चीतून येणारी थरथर तशीच. मग खुर्चीखाली जुनी सतरंजी चौपदरी घालून बघितली, थोडा फरक पडला. कटर आला की फोमचे प्लग आणि वरून हेडफोन. प्लग कान ओढून घालायचा हे चाकणकरांनी सांगितलं नसतं तर मी ते फेकूनच दिले असते.

आईचं: २ वर नंबर ठेवलाय, त्या बटणावर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. पहिल्या दिवशी तिने अकरा वेळा दाबून बघितलं, दर वेळी मी जाऊन उभी राहिले. आता तिला खात्री पटलीये, उगाच दाबत नाही. मीटिंग चालू असताना मात्र रिंग बारीक वाजते, तेव्हा दिवा उपयोगी पडतो. गेले चार दिवस संध्याकाळी डोकं दुखलेलं नाही.

कानसेन

वा, काडीचं निरीक्षण फार मोलाचं आहे, हे माझ्याही डोक्यात नव्हतं आलं. मी आजच जुना चष्मा काढून बघतो.

वैद्य_नाही_पण

सायली, आईंची श्रवणतपासणी झालीये का कधी? सहज विचारतेय. ७८ वय आहे आणि दिवसभर तोच ब्रेकर त्याही ऐकतायत. त्यांनाही एक जोडी प्लग दे, दुपारच्या झोपेपुरती.

सायली_के

हे माझ्या लक्षातच आलं नाही. खरंच. मी स्वतःचंच बघत बसले. उद्याच आणते आणि तपासणीची वेळ पण घेते.

चाकणकर

आणि ताई, पाडकाम संपलं की पोकलेन येईल पाया खणायला. त्याचं इंजिन हेडफोन चांगलं घालवेल, काळजी नको. पायलिंग, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल खांब घालायचं काम, करणार असतील तर मात्र साइटवरच्या इंजिनिअरला आत्ताच भेटून वेळा विचारून ठेवा, कॉल त्याप्रमाणे लावता येतील. सांगतात ते, आपण जाऊन विचारलं की.